नक्षीचा खांब

सुरतच्या जुन्या भागात आम्ही घेतलेल्या लाकडी घराच्या दुरुस्तीला लिंबायतहून एक सुतार यायचा. मूळचा खानदेशातला, आईच्या माहेरकडचा. कुठल्याही लाकडाला हत्यार लावण्याआधी तो बोटाने टकटक करी आणि कान देऊन ऐके, जणू आतून कोणी "या" म्हणणार आहे. मी काहीही सांगितलं तरी "बरं भाऊ" म्हणे आणि त्याला करायचं तेच करी.

घराचं जुनेपण कसं टिकवावं, यात मी मात्र फार जाणकार झालो होतो. ओसरीवरच्या नक्षीच्या खांबाला दर रविवारी स्वतः तेल लावायचो. "याला हात लावायचा नाही," असं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

परवा सकाळी त्याने माझाच हात धरला आणि अंगठा खांबावरच्या मोराच्या पोटावर ठेवला. "दाबा भाऊ."

मी दाबला. अंगठा मुळापर्यंत आत गेला. आत लाकूड नव्हतंच, वाळवीचा नुसता भुसा. त्याने वर, खांबावर टेकलेल्या तुळईकडे पाहिलं.

"वरच्या खोलीत कोण झोपतं?"

"आई."

तो जिना चढला आणि आईची गादी डोक्यावर घेऊन खाली आला. मागून उशी कवटाळून आई. "काय झायं रे भाऊ?" हे ती त्याला विचारत होती, मला नाही.

"काही नाही माय," मागच्या खोलीकडे वळत तो म्हणाला. "तुमचा पोऱ्या जुनं जपतोय. मी म्हटलं, सगळ्यात जुनं आधी खाली आणू."

आई हसली. मला मात्र अंगठा बाहेर काढायची भीती वाटत होती.