बारा वाजताची बाटली

भैरवगढचं लाल छापाचं नवं कापड पहिल्या तीन धुण्यांत रंग सोडतं, हे उज्जैनमध्ये कुणालाही विचारा, तो सांगेल. मी कुणाला विचारलं नाही. मुलीच्या दुधाच्या बाटल्या पाळणाघरात न्यायच्या होत्या, त्यांना गुंडाळायला फडकं हवं होतं, म्हणून मी दीड हात कोरी बुट्टेदार पट्टी आणली, माठाच्या पाण्यात बुडवून पिळली आणि दोन्ही बाटल्या निपलसकट तीत लपेटून दिल्या. ओल्या कापडात दूध गार राहतं, असं कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं करून बघायचा मला त्या वयात फार नाद.

दुपारी पाळणाघरातली बाई माझ्या पोरीला कडेवर घेऊन थेट ऑफिसच्या व्हरांड्यात उभी. "बाबूजी, जल्दी आओ, बच्ची के मुँह से खून आ रहा है!"

मी टेबलावर मांडी आपटत धावलो. सगळं ऑफिस मागे. सात महिन्यांची पोर, ओठ लालभडक, हनुवटीवर ओघळ, आणि पान खाल्लेल्या आजीबाईसारखी बोळक्यानं हसत होती. बाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं, पदराकडे पाहिलं, वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं.

"ये तो भैरूगढ़ का रंग है, बाबूजी."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई पोरीला खांद्यावर टाकून निघाली आणि जाता जाता, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पढ़े-लिखे लोग!"

संध्याकाळी बायकोला सांगितलं तेव्हा ती हसता हसता भिंतीला टेकली. "अहो, निदान निळं तरी आणायचंत! गावात सगळे म्हणाले असते, बाळकृष्ण आलाय." मग ती पट्टी तिनं तीनदा धुऊन वाळत घातली. पुढे बरेच महिने बाटल्यांना तीच होती. बायको त्या दिवशी हसली होती हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकीकतीत ती हसत नाही.

ही हकीकत आमचं मध्यभारत राज्य मोडून नव्या मोठ्या राज्यात मिसळायच्या आधीच्या चारपाच महिन्यांतली. मी सरकारी ऑफिसात कारकून. बायको मुलींच्या सरकारी शाळेत गणिताची मास्तरीण, पण हंगामी. आमच्यात मास्तरकीची खरी आवड तिलाच. मी नोकरी करत होतो, ती शिकवत होती, असा फरक. भाजी चिरताना दुधी आडवा धरून म्हणायची, "याचे तीन अष्टमांश तुम्हाला, उरलेले किती?" मी चुकलो तर भाजी कमी वाढायची, असं नाही, पण वाढताना डोळे मिचकावायची.

शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांना तिथे सगळे बडी बहनजी म्हणत, त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. नवं राज्य झालं की कायम नोकरीवाल्यांना आपोआप घेतील, हंगामी लोकांचं कुणी विचारणार नाही. तेव्हा दिवाळीच्या आत कायम व्हा. त्यासाठी वरून साहेब येऊन एक पाठ बघतील. आणि तोवर, सुनिए, एक भी नागा नहीं. एकही खाडा नाही.

म्हणजे पोर आजारी पडता कामा नये. म्हणजे बाटल्या नीट हव्यात. आणि बाटल्या माझ्याकडे होत्या.

त्या माझ्याकडे का, तर मीच मागून घेतल्या. आमच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. बायकोचं दूध सकाळ-संध्याकाळ पुरे, मधल्या दोन वेळांचं वरचं दूध. तिला साडेनवाला निघावं लागे, ती पोरीला पाळणाघरात सोडून शाळेत जाई. माझं ऑफिस जरा उशिराचं. तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "बाटल्या मी करीन. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे ते पहिल्याच आठवड्यात कळलं. त्या वेळच्या बाटल्या नावेच्या आकाराच्या असत, दोन्ही टोकांना तोंड. एकीकडे निपल, दुसरीकडे रबरी टोपी. पातेल्याच्या तळाशी फडकं घालून त्यावर बाटल्या आडव्या ठेवायच्या, वर गार पाणी, मग उकळी. फडकं विसरलं की काच तडकते. मी दोनदा विसरलो. निपलं तीनच मिनिटं उकळायची. मी पेपर वाचत बसलो आणि त्यांचा चिंचेच्या गोळ्यांसारखा लगदा झाला. तापल्या सुईनं भोक पाडायचं, तर एक इतकं मोठं पाडलं की पोरीच्या नाकातोंडात दूध गेलं आणि दुसरं इतकं बारीक की ती ओढून ओढून संतापली. घरमालकीणबाई दाराशी येऊन म्हणत, "त्यापेक्षा बोंडल्यानं पाजा. आमची सात वाढली बोंडल्यावर." पण पाळणाघराचा नियम बाटलीचाच होता. वीस पोरांना बोंडल्यानं कोण पाजत बसणार?

तरी मी शिकलो. दोन भाग दूध, एक भाग पाणी, चमचाभर साखर. उकळून, गाळून, पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून निववायचं, कोमट असताना भरायचं नाही. बाराच्या बाटलीला गळ्याशी एक दोरा, तीनच्या बाटलीला दोन. वर ओली पट्टी. सायकलच्या हँडलला पिशवी. पाळणाघरात खिडकीशी मोठ्या परातीत क्षिप्रेची ओली वाळू असे, तिच्यात सगळ्या पोरांच्या बाटल्या आडव्या रुतवून ठेवलेल्या. आमच्या बाटल्या तिथे खोचताना मला, खोटं कशाला बोलू, फार भारी वाटे. बाई म्हणायची, "बाबूजी अब पास हो गए." आणि संध्याकाळी रिकाम्या बाटल्या घरी आल्या की त्या धुणंही माझंच. बायको त्यांना हातसुद्धा लावत नसे. "तुमचं खातं आहे," म्हणे.

पोरीला मात्र बाटली आवडली नाही. अर्धं पिऊन तोंड फिरवायची. वजन वाढेना. पण आजारी पडली नाही. श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र गेलं. बायकोचा एक खाडा नाही. वर्तुळाचे पुठ्ठे कापून त्यांचे आठ, बारा, सोळा भाग करून तिनं अपूर्णांकांचा पाठ तयार केला. साहेब येणार तो दिवसही ठरला, गुरुवार. रात्रीच्या जेवणानंतर मला समोर बसवून विद्यार्थिनी करी. मी उत्तर चुकलो की म्हणे, "बसा खाली, मागच्या बाकावर." मला सोळावा भाग अजूनही नीट काढता येतो.

बुधवारी ऊन मे महिन्यासारखं होतं. आश्विनात असं एकेक दिवस पडतं. मी नेहमीप्रमाणे बाटल्या भरून निघालो. चौकातल्या घड्याळाच्या टावरपाशी ऑफिसातला एकजण भेटला. सायकल न थांबवताच ओरडला, "अरे भाई, लिस्ट लग गई! आधे भोपाल!"

त्या यादीची आम्ही महिनाभर वाट पाहत होतो. कोण भोपाळला, कोण इथेच, कुणाची सीनियॉरिटी कुणाच्या खाली. दुसऱ्या प्रांतांतले कारकून आमच्या डोक्यावर बसणार, या एकाच विषयावर चहाचे किती कप संपले, ते सांगत नाही. मी पॅडल मारलं ते सरळ ऑफिसला. यादी व्हरांड्यात. पुढे सगळ्यांची डोकी. माझं नाव भोपाळच्या यादीत, आणि माझ्यापेक्षा दोन वर्षं नवीन असलेल्या एकाच्या खाली! मग काय विचारता. अर्ज कुणी लिहायचा, कोणत्या कलमाखाली लिहायचा, मराठी माणसांनी वेगळा द्यायचा की सगळ्यांनी मिळून. मी तर हातवारे करून बोलत होतो. इतकं महत्त्वाचं मी आयुष्यात पुन्हा कधी बोललो नाही.

एक वाजत आला तेव्हा पाणी प्यायला बाहेर आलो आणि सायकल दिसली. उन्हात. हँडलला पिशवी.

पट्टी कडकडीत वाळली होती. बाटल्यांची काच हाताला गरम लागत होती. पाळणाघरात पोचलो तर पोरीचं रडणं गल्लीपासून ऐकू येत होतं. बाई म्हणाली, "कहाँ रह गए थे? घंटे भर से रो रही है. मैंने पानी दिया, थूक दिया."

मी बाईकडे पाठ करून बाटलीची टोपी काढली आणि वास घेतला. आंबूस होता. फार नाही. बाटली हलवली तर आतल्या काचेला बारीक कण चिकटलेले दिसले. फार नाहीत.

इथे माझी बाजू मांडायची तर एवढीच आहे. घरी जाऊन नवं दूध तापवून, निववून आणायला दीड तास लागला असता. पोर भुकेनं निळी पडत होती. बाई संध्याकाळी बायकोला सांगेल की बाबूजी विसरले, आणि उद्या तिचा पाठ. हे सगळं खरं आहे. पण खरं कारण निराळं होतं. चार महिन्यांत एवढं शिकून पास झालेल्या माणसाला आता पुन्हा "पढ़े-लिखे लोग" ऐकायचं नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, वास फडक्याचा असेल. टोपी लावली आणि बाटली बाईच्या हातात दिली.

एरवी अर्धं टाकणाऱ्या माझ्या पोरीनं त्या दिवशी बाटली शेवटच्या थेंबापर्यंत ओढली. बाई खूश. "देखो, आज कैसे पी रही है!" तीनची बाटली मात्र मी टाकून द्या म्हणून सांगायला हवं होतं. तेही सांगितलं नाही. तसं सांगितलं असतं तर बाईनं "क्यों?" म्हणून विचारलं असतं.

संध्याकाळी बायको पोरीला घेऊन आली तेव्हा पोर वाटेतच दोनदा ओकली होती. मग जुलाब सुरू झाले. दिवेलागणीपर्यंत तिची टाळू खोल गेली, डोळे अर्धे उघडे राहिले. मी डॉक्टरांकडे धावलो. त्यांना घेऊन आलो तेव्हा बायको पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती. मोरीशी बाटल्या धुऊन, स्वच्छ फडक्यावर निथळत ठेवलेल्या. त्या पाहिल्या आणि, आज लिहायला लाज वाटते, मला हायसं वाटलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली. "दूध कैसा था? बासी तो नहीं?"

"नहीं जी," मी म्हटलं. "सवेरे का. बिल्कुल ताज़ा."

बायको काही बोलली नाही. तिचा माझ्यावर केवढा विश्वास, असं तेव्हा वाटलं.

गुरुवारी ती शाळेत गेली नाही. पुठ्ठ्याची वर्तुळं कपाटावर तशीच. मी म्हटलं, "दोन तास जाऊन ये, मी बसतो." तिनं पोरीला मांडीवरून उचलू दिलं नाही. आठ दिवस मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं. पोर वाचली. साहेब पुन्हा आले नाहीत. ते कशाला येतील? त्यांचीही बदली होती. राज्य बदललं, दिवाळी झाली, शाळेकडून एक कागद आला की हंगामी जागा संपली. तो तिनं वाचला, घडी केली आणि पोळ्या लाटायला बसली. नंतर आम्ही भोपाळला गेलो.

तिथे तिनं तीन ठिकाणी अर्ज केले. तिन्हीकडे मागच्या शाळेचा कायमपणाचा कागद मागत. मग धाकटा मुलगा झाला. पुढे कधीतरी ती वर्तुळं पोरांनी पतंगाला लावली. घरात पुन्हा कधी दुधीचे अष्टमांश झाले नाहीत. अख्खा दुधी चिरायची, गप्प. आणि धाकट्याच्या वेळेला बाटली मी हातात घेतली की म्हणायची, "द्या इकडे." मला वाटे, माझे कष्ट वाचवते.

पुढे बदली मागून आम्ही उज्जैनला परत आलो. गेल्या उन्हाळ्यात तीच मुलगी आपलं बाळ घेऊन माहेरपणाला आली. आता प्लॅस्टिकच्या बाटल्या, घरात फ्रिज. पन्नाशीला आलेला आजोबा म्हणून मी उत्साहानं उठलो, बाटली उचलली. स्वयंपाकघरातून बायको आली. "द्या इकडे."

त्या दुपारी मुलगी बाळाला घेऊन झोपली होती, आणि मी बायकोला सगळं सांगितलं. टावर, यादी, उन्हातली सायकल, वास, काचेवरचे कण. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं. मनात कुठेतरी आशा होती, ती रडेल, ओरडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या आता.

ती तांदूळ निवडत होती. सूप हलवायची थांबली नाही.

"त्या दिवशीच्या बाटल्या कुणी धुतल्या होत्या?" म्हणाली. "वास काय तुम्हालाच येतो?"