भरलेली दाढ पुन्हा उघडायची

मी ज्यांचा सर्वात जास्त ऋणी आहे ते माझे थोरले मामा. वडीगोद्रीला गवंडीकाम करतात. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्याकडे राहून, त्यांच्या जिवावर.

म्हणून यंदा त्यांची उजवीकडची दाढ ठणकू लागली, तेव्हा मीच त्यांना जालन्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डावीकडच्या दाढा त्यांनी तरुणपणीच काढून टाकलेल्या. भाकरी चावायची ती या एकाच बाजूने. ऑपरेशन म्हणजे उपाशीपोटी, एवढंच मला ठाऊक, म्हणून त्यांना चहासुद्धा पिऊ दिला नव्हता. बाईंनी आधी आम्हाला खाऊन यायला पाठवलं.

"दाढ काढायची नाही. रूट कॅनॉल करू. आतली नस काढू, दाढ राहील," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. नस काढल्यावर दाढ जिवंत राहते की मेलेली, हे विचारायचंही सुचलं नाही.

इंजेक्शनने गाल बधिर झाला. मामा खुर्चीतून उठले तेव्हा दाढेत पांढरा लगदा भरला होता. पुढच्या आठवड्यात तो काढून उरलेलं काम करायचं होतं. पण ठणका थांबला आणि मामा अडून बसले.

"बराबर भरलेला गिलावा कोण फोडतं रे? माझ्या हाताखाली असती तर बाईला कामावरून काढलं असतं."

"मामा, ते तात्पुरतं आहे."

"दुखून न्हाई राह्यलं. नसच काढली म्हणतो तू. मंग आता तिथं राह्यलं काय? सांग की, एवढा शिकला तू!"

मला सांगता येईना. मामी आतून म्हणाल्या, "गाल सुजला व्हता तवा आई आई करून राह्यले व्हते. आता बाईचं काम नासकं!"

ठरलेला दिवस टळला. मी एकटाच बाईंना विचारून आलो. निम्मं कळलं. मामांना फोनवर ऐकू कमी येतं, म्हणून चिठ्ठी धाडली:

"तीर्थस्वरूप मामांस सा. नमस्कार. दाढेच्या मुळात बारीक नळ्या असतात. त्यातली सडलेली नस काढली म्हणून ठणका गेला, पण नळ्या अजून पुऱ्या साफ करून बंद करायच्या आहेत. वरचा लगदा तोवर घाण आत जाऊ नये एवढ्यापुरता. तो निघाला तर पुन्हा सूज येईल आणि मग दाढ वाचेलच असं नाही. काम झाल्यावर दोन-चार दिवस चावताना दुखेल, त्याला भ्यायचं नाही. शेवटी वर टोपी बसवतात, कारण अशी दाढ ठिसूळ होते. नस नसताना दुखतं कसं, हे मी दोनदा विचारलं. मुळाभोवतीचं दुखतं म्हणे. मला अजून नीट उमगलेलं नाही, तर तुम्हाला काय समजावू? पण मला सांगता आलं नाही म्हणून तुम्ही दाढ घालवू नका. सोमवारी सकाळच्या गाडीने न्यायला येतो.
तुमचा भाचा."