हेडबाईंचा उसासा

इमारतीत तिला सगळे हेडबाई म्हणत. नाव पाडलं ते तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने. तिने दोन्ही मुलींना शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं, तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे शिपाई, बाई आणि हेडबाई तुम्हीच!" नाव चिकटलं ते चिकटलंच. पहिल्या वर्षी हेडबाईंना ते मिरवावंसं वाटे. अलीकडे जिन्यात कुणी तशी हाक मारली की चोरी पकडल्यासारखं व्हायचं.

थोरली रोज सकाळी शाळेत जायच्या आधी ओकायची. डॉक्टर झाले, औषधं झाली, समजावून झालं. शेवटी एका सकाळी हेडबाईंनी तिच्या पाठीवरचं दप्तर उतरवलं आणि म्हणाल्या, "राहू दे." नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. कुठे कोण अडकलं की याला धावावं लागायचं, त्यामुळे घरातली शाळा सगळी हिच्याच गळ्यात येणार हे दोघांनाही कळत होतं. नणंद शाळेत शिक्षिका. तिने स्पष्ट सांगितलं, "वहिनी, चार दिवस हौस वाटेल, मग जड जाईल." हेडबाईंचं डोकं फिरलं. "ताई, असं शिकवीन की बघत राहाल," त्या बोलून गेल्या. रागाच्या भरात बोललेलं माणूस नंतर जन्मभर निस्तरतं.

तरी पहिलं वर्ष बहारीचं गेलं, हे मान्य करायला हवं. हेडबाई घरी पडदे शिवायच्या. पडद्याच्या कापडावर त्यांनी अपूर्णांक शिकवले. गॅलरीत खुर्चीच्या सावलीभोवती खडूने रेघा मारून ऊन कसं सरकतं ते दाखवलं. बिघडलेला पंखा उघडला, तो परत जोडताना तीन स्क्रू उरले, आणि नवऱ्याने "माझ्या लिफ्टला हात लावू नका" म्हणून हात जोडले. मुली हसून हसून लोळल्या होत्या.

मग बाळ झालं. पडद्यांची कामं वाढली. नाही म्हणायची सोय नव्हती. रांगणारं पोर टाचण्यांच्या डब्याकडे धाव घेई, कुकर शिट्टी देई, गिऱ्हाइकाचा फोन वाजे, आणि या सगळ्यात धाकटी विचारी, "आई, मुंगीला झोप येते का?" हेडबाई म्हणत, "नंतर." मग त्या टेबलाशी बसत, पुढ्यातलं कापड बाजूला सारत, दोन बोटांनी कपाळ दाबत, एक लांबलचक उसासा टाकत आणि म्हणत, "चला, एकदाचं उरकून टाकू."

आपला उत्साह कुठे सांडला ते त्यांनी शोधलं नाही असं नाही. रंगीत वेळापत्रक केलं. बाळाने त्याचा सोमवार खाल्ला. पहाटे उठून पाहिलं. दुपारी मशीनवरच डुलकी लागली. फोनवर दुसऱ्या आया बघितल्या. टापटीप केस, मागे पुस्तकांचं कपाट, आणि पोरं जागच्या जागी बसलेली. घरी शिकवणाऱ्या पालकांची एक बैठक वाचनालयात भरायची, तिथेही जाऊन आल्या. एक बाई भारावून म्हणाल्या, "मुलांच्या डोळ्यांतली चमक बघा, थकवा पळून जातो." हेडबाईंनी घरी येऊन धाकटीच्या डोळ्यांत पाहिलं. तिला झोप आली होती.

मात्र एक गोष्ट बरी झाली होती. धाकटीचे प्रश्न थांबले होते. पूर्वी दिवसभर पिच्छा पुरवणारी पोरगी हल्ली दिलेलं गणित सोडवून गप्प बसायची. हेडबाईंनी नवऱ्याला कौतुकाने सांगितलंही, "समजूतदार झाली हो माझी लेक." त्याने मान डोलावली. खरं म्हणजे हेडबाईंना मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून अपराधीही. पण त्याचा विचार करायला तरी सवड कुठे होती!

अशात नणंदेचा फोन आला, शनिवारी येते म्हणून. शुक्रवारी दिवसभर त्यांनी घर आवरलं. आणि मग, सांगायलाही लाज वाटावी असं एक काम केलं. माळ्यावरून पहिल्या वर्षीची चित्रं काढली, पंख्याची, सावलीच्या रेघांची, आणि ती भिंतीवर अशी चिकटवली की जणू कालच काढलीत. थोरली बघत होती. ती चिकटपट्टी तोडून तोडून देत राहिली. त्या पोरीने एक शब्द विचारला असता तरी हेडबाईंना बरं वाटलं असतं.

शनिवारी नणंद आली, चहा झाला, चित्रांचं कौतुक झालं. हेडबाईंना ते कौतुक गिळवेना. मग नणंद धाकटीला म्हणाली, "तुमची शाळा कशी भरते गं? मला दाखव की."

धाकटी खूश. तिने आत्याला छोट्या खुर्चीवर बसवलं, बाळाला शेजारी मांडलं आणि स्वतः आईच्या खुर्चीत चढून बसली. पुढ्यात नसलेलं कापड बाजूला सारलं. दोन बोटांनी कपाळ दाबलं. छाती भरून उसासा टाकला आणि म्हणाली, "चला, एकदाचं उरकून टाकू."

आत्या खदखदून हसली. "दमलीस का इतक्यात?"

"नाही आत्या," धाकटी गंभीरपणे म्हणाली. "शिकवायच्या आधी असं करायचं असतं. तुमच्या शाळेत करत नाहीत?"

तिला तो उसासा म्हणजे शाळेची घंटाच वाटायचा. दुसरी शाळा तिने पाहिली होती कुठे फारशी!

"बरं. आणि मला प्रश्न पडला तर?"

"मनात ठेवायचा. काम झालं की विचारायचा."

"आणि तोवर विसरले तर?"

"मग तो महत्त्वाचा नव्हता."

हेडबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एकूण एक शब्द त्यांचाच होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

नणंद कपबशा घेऊन आत आली. हेडबाई टोमण्याच्या तयारीत होत्या. टोमणा आला नाही. "वहिनी," ती हळूच म्हणाली, "वर्गात मीही असेच उसासे टाकते. मला कुणी करून दाखवलं नाही इतकंच. झेपत नसेल तर घाला शाळेत. मी नावं ठेवणार नाही." टोमणा परवडला असता, असं हेडबाईंना वाटलं.

ती गेल्यावर त्यांनी थोरलीला जवळ बसवलं. "शाळेत जाशील का गं परत?"

थोरलीचा चेहरा उतरला. "मी आणखी काम करीन ना आई. बाळाला मी बघते. धाकटीचे प्रश्न तर मीच घेते."

"कुठले प्रश्न? ती विचारत नाही हल्ली."

"मला विचारते. गॅलरीत. तुला त्रास नको म्हणून मीच सांगितलंय तिला तसं." मग जरा ओशाळून म्हणाली, "काहींची उत्तरं येत नाहीत मला. मग मी काहीतरी सांगते."

म्हणजे प्रश्न थांबले नव्हते. त्यांनी फक्त पत्ता बदलला होता, आणि एक अकरा वर्षांची पोर आईला वाचवायला ते झेलत बसली होती. हेडबाईंना रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी भिंतीवरची चित्रं उतरवली आणि छोट्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून, धाकटीसमोर बसल्या. "ताईला येत नाही असा एखादा प्रश्न आहे का तुझ्याकडे?"

धाकटीने आधी ताईकडे पाहिलं. ताईने मान डोलावली. धाकटी तोंड उघडणार तोच फोन वाजला. पडद्याचं गिऱ्हाईक.

"मनात ठेवते," धाकटी लगेच म्हणाली.

हेडबाई हलल्या नाहीत. धाकटी एकदा फोनकडे बघे, एकदा आईकडे. रिंग बंद पडली तेव्हा कुठे तिने विचारलं, "पडद्याची खिडकीकडची बाजू फिकी होते ना, मग तो रंग जातो कुठे?"

हेडबाईंनी आजवर खंडीभर पडदे शिवले होते. हे कधी डोक्यात आलं नव्हतं. "मला नाही गं माहीत," त्या म्हणाल्या.

"मग तूपण मनात ठेव," धाकटी समजुतीने म्हणाली आणि उठायला लागली.

हेडबाईंनी तिचा हात धरला. "नको. मनात ठेवून काय होतं ते बघितलं मी. बस." त्यांनी पडद्याच्या लाल कापडाची एक चिंधी घेतली, खिडकीतल्या उन्हात पसरली आणि तिच्यावर कात्री ठेवली. "कात्रीखालचा रंग राहतो का, बघूया."

"किती दिवस?"

"तेही माहीत नाही."

धाकटी हसली. तिघी चिंधीवर वाकल्या. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला आणि या खेपेला थोरलीने उचलला.

"आई कामात आहे," तिने एक लांब उसासा टाकला. "नंतर."

आवाज हुबेहूब हेडबाईंचा होता.