पिठावरची पावलं

"कोन हाय का घरात?"

पत्र्याच्या शेडखालच्या फटीला तोंड लावून आमचे मिस्त्री असं विचारायचे. पालथे पडायचे, गाल जमिनीला, टोपी काखेत. उत्तर आलं नाही की उठून धोतर झटकायचे. येणारं-जाणारं हसायचं. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू!

पत्रा आणि कोबा यांच्यामधल्या फटीतून पाणी, उंदीर, साप, सगळंच आत येतं. पावसाळ्याआधी औरंगाबादेतले गॅरेजवाले फटी बुजवायला त्यांनाच बोलवायचे. पण माणूस भलता चिकट. आधी संध्याकाळी फटीच्या दोन्ही अंगांना ज्वारीचं पीठ भुरभुरायचं, सकाळी त्यावरची पावलं वाचायची. आत गेलेलं बाहेर पडलंय अशी खात्री पटली, तरच थापी हातात.

"मालक, आपल्याला फट बुजवायची हाय, कोनाची कबर बांधायची नाय."

माझ्या स्कूटरच्या गॅरेजात त्यांनी दोन दिवस पीठ टाकलं. दोन्ही सकाळी एका मांजरीची पावलं आत गेलेली. मला मेव्हण्याच्या लग्नाला आठ दिवस वैजापूरला जायचं होतं आणि बायको रोज टोचत होती. तिसऱ्या सकाळी, शनिवारी, मी मिस्त्रींच्या आधी पोचलो. पावलं आत गेलेली होती, बाहेर आलेलं एकही नव्हतं. टायरांमागं दोनदा शुकशुक केलं, काही हललं नाही. मग मी पायानं पीठ पुसून टाकलं.

मिस्त्री आले. "काय दिसलं?"

"गेली बाहेर. मी बघितली पावलं. पीठ वाऱ्यानं उडालं."

"तुमी बघितलं म्हंजी झालं," म्हणाले आणि माल कालवायला बसले. काम होताच मी शटर ओढलं. मे महिना होता आणि वर तापलेला पत्रा.

आठ दिवसांनी शटर वर केलं आणि नाकाला रुमाल लावला. टायरांमागं, बुजवलेल्या फटीपाशीच ती पडली होती. ओल्या सिमेंटवर तिनं नखं ओढली होती. ते ओरखडे तसेच वाळले होते.

मिस्त्रींना बोलावलं. खरं सांगायचं ठरवूनच बोलावलं होतं, पण मेलं तोंडच उघडेना. ते खाली बसले, ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिले.

"तुमी नवखे, मालक. आतली कोनती, बाहेरची कोनती, तुमाला काय कळनार? मी सोता बघायला पायजे व्हतं. पाप माझं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पन पावलं बाहेर गेलेली दिसली व्हती ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनीच तिला मीठ घालून पुरलं. त्यानंतर फटीचं काम कायमचं सोडलं. कोणी बोलवायला गेलं की म्हणायचे, "नजर गेली माझी." कुठली जाते नजर! शहागंजच्या गर्दीत लांबून ओळखून मला रामराम घालायचे. दर वेळी वाटायचं, आज सांगून टाकू. दर वेळी मी "बरं आहे ना?" एवढंच विचारायचो. लाज वाटते सांगायला, पण त्यांना लांबून पाहून मी दोनदा गल्लीही बदलली.

ते गेले तेव्हा घरी भेटायला गेलो. त्यांच्या मुलानं शेजारून आलेला चहा माझ्या हातात दिला.

"फटीचं काम सोडलं तवापासनं बाबांनी शनिवारचा उपास धरला व्हता, काका. शेवटच्या दुखण्यातबी सोडला नाय. कशापायी, ते कधी बोलले नायत. तुमाला काही म्हाईत हाय का?"

मी कपात बघत मान हलवली. नाही म्हणून.