विहिरीतला दांडा आणि बिरोबाचा ढोल

जतच्या बाजूला खडकवस्तीत एक गोष्ट कुजबुजत सांगायचे. बायका तोंडाला पदर लावून सांगायच्या, म्हणजे शेजारच्या वस्तीलाही नीट ऐकू जायची. गोष्ट अशी, की बिराप्पा धनगरानं आपली बायको विहिरीतल्या दांड्याला बळी दिली, आणि म्हणूनच त्याला दुष्काळात बसल्या जागी पगार मिळाला.

आता हा दांडा कुठला, ते आधी सांगायला हवं. वाळव्याकडच्या ऊसवाल्या मोहित्यांचा एक पोरगा, नाथाजी, मुंबईला जाऊन शास्त्रज्ञ झाला होता. त्याचं म्हणणं असं, की विश्व जन्मलं त्या घटकेला जे हादरलं, त्याची थरथर अजून थांबलेली नाही. ती डोंगरातून, माणसातून, भाकरीतून जाते, पण इतकी बारीक आणि इतकी जलद, की कुणाला लागत नाही. तिला शास्त्रात गुरुत्वाच्या लहरी म्हणतात. लांब लहरी पकडायला बाहेरच्या देशात मोठाले दांडे टांगले होते. याला हव्या होत्या अगदी जलद लहरी, म्हणून यानं आखूड दांडा केला. ॲल्युमिनियमचा, म्हणजे आपल्या जर्मनच्या भांड्यांच्याच धातूचा, पण भरीव. घरी त्याचा चुलता भाऊसो पाव्हण्यारावळ्यांत सांगायचा, "आमचं पोरगं लय शिकलंय. आता कान लावून बसणार हाय, जगाचं बारसं ऐकू येतंय का म्हणून."

दांडा टांगायला निश्चल जागा पाहिजे. नाथाजी पाचगणीला गेला, तिथं शाळांची पोरं धावत होती. उंब्रजला हायवेचे ट्रक. फलटणला कारखाना. कोयनेकडं तर विचारूच नका, तिथली जमीन सदुसष्टपासून अंग झाडत होती. शेवटी तो पूर्वेला, जतकडं आला. साल बहात्तर. कोरडी विहीर शोधायला साहेबाला फार हिंडावं लागलं नाही.

विहिरीशेजारी खोप होती बिराप्पाची. मेंढरं निम्मी मेली होती, निम्मी विकली होती. बायको दगडाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि तिथं खायला मिळणारी सुकडी पदरात बांधून आणायची. पोर झालेलं एक जगलं नव्हतं. साहेबानं राखणदार म्हणून ठेवल्यावर त्या घरात पुन्हा दोन्ही वेळा चूल पेटायला लागली. पगारापेक्षा मला वाटतं बिराप्पाला कामच आवडलं. नाथाजीनं त्याला थरथरीचं सगळं समजावलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी कळप म्होरं गेला तरी धुरळा माळावर ऱ्हातो, तसं." नाथाजी म्हणाला, हा धुरळा कधीच खाली बसत नाही, एवढाच फरक. त्यावर बिराप्पा दोन दिवस आभाळाकडं बघत हिंडत होता आणि दगडाबाई त्याला विचारत होती, की धुरळ्यानं पोट भरलं का.

अट एकच होती. हाकेच्या टप्प्यात गाडी नाही, कळप नाही, ढोल नाही.

आणि नेमका बिरोबाचा ढोल बिराप्पाच्याच खोपीत. त्याच्या भावकीचा तो मान, पिढ्यान्‌पिढ्यांचा. दसऱ्याला तो तिथून वाजवतच देवाच्या माळावर न्यायचा. शिवाय एरवी माळावर लांडगा आला, आग लागली, कुणाला साप चावला, तर हाच ढोल बडवायचा. ऐकेल तो हातातलं टाकून, गाडी जुंपून धावायचा. नाथाजी माणूस बरा. तो म्हणाला होता, "जिवावर बेतलं तर खुशाल वाजव. दांडा काय, पुन्हा लावता येईल." दसऱ्याचं मात्र त्यानं जमणार नाही म्हणून सांगितलं. नेमक्या त्याच दिवसांत दांड्याची मोजणी होती.

भावकीचा म्होरक्या दादासो. त्यानं निरोप धाडला, की देवाचा ढोल सायबाच्या लोखंडाला भ्याला का? दसऱ्याला आम्ही येणार आणि वाजवणार. बिराप्पाची झोप उडाली. ढोल अडवला तर भावकी तुटते, वाजू दिला तर चूल विझते. तो दगडाबाईला म्हणाला, काय करू? ती म्हणाली, "तुमी विहिरीत सायबासंगं ऱ्हावा. भावकीचं मी बघती."

दसऱ्याला दादासो माणसं घेऊन आला. दगडाबाई दारातच आडवी बसली होती. ढोलावर घोंगडं टाकलेलं. तिनं सांगितलं, माहेरी चुलता वारलाय, सुतक हाय, ढोलाला कुणी शिवू नगा. सुतक म्हटल्यावर कोण पुढं होणार? दादासो चरफडत परत गेला. पुढं कळलं, की तिला चुलताच नव्हता. यावर वस्तीत बराच दिवस हशा चालला. मग हशा बंद झाला.

कारण आठवड्याच्या आतच भर दुपारी काटक्या गोळा करताना तिला नाग चावला. बिराप्पानं चावल्या जागेच्या वर बांधलं, सावलीत निजवलं आणि खोपीकडं वळला. तिनं त्याचं धोतर धरलं.

"ढोलाच्या नादी लागू नगा," ती म्हणाली. "पळत जावा तुमी."

तो तरीही आत गेला. घोंगडं उचललं. पुन्हा जसंच्या तसं टाकलं. आणि मग वस्तीकडं अनवाणी पळत सुटला. गाडी घेऊन माणसं आली तोवर ती गेली होती.

तिथंच, मढ्याशेजारी, दादासोनं विचारलं, "का रं, ढोल का न्हाई वाजवला?"

बिराप्पा म्हणाला, "सायबाचा हुकूम न्हवता."

दादासो त्याच्यावर थुंकला. त्या दिवसापासून त्याला भावकीत पाणी मिळालं नाही. सख्खी बहीण बनाबाई, तीही वाट बदलायला लागली. नाथाजी तेव्हा मुंबईला होता; कळल्यावर भेटायला आला, फार हळहळला. "अरे, मी बोललो होतो ना, जिवावर बेतलं तर वाजव म्हणून?" बिराप्पा खाली बघत म्हणाला, "इसरलो सायेब." नाथाजीला ते खरं वाटलं की नाही, देव जाणे. दांड्याची थरथर आपोआप टिपणाऱ्या त्याच्या कागदावर त्या दुपारची रेघ मात्र अगदी सरळ उमटली होती, साऱ्या मोजणीत एवढी शांत दुपार दुसरी नव्हती.

दांड्याला काही ऐकू आलं नाही. चौऱ्याहत्तर साली तो काढून नेला. बिराप्पा त्याच खोपीत एकटा राहिला आणि एकोणऐंशीच्या थंडीत गेला. तोवर तो ढोल त्यानं कुणाला बघू दिला नाही. नवरात्रात दादासोनं एकदा निरोप धाडला, की ढोल दे आणि भावकीत ये. त्यानं ढोल फोडून चुलीत घातला. मग तर देवद्रोहीही ठरला.

खरं एवढंच. घोंगड्याखालच्या ढोलाची दोन्ही चामडी कापलेली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवरा विहिरीत असताना, दगडाबाईनं लोकर कातरायच्या कातरीनं ती कापली होती.