उष्णता बाहेर जाते

दोन वर्षांपूर्वी, कोल्हापुरातल्या एका कॉलेजात, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात भौतिकशास्त्राच्या सरांनी मला उभं केलं. बुधवार होता. वर्ग भरलेला.

फळ्यावर त्यांनी लिहिलं होतं : समतापी प्रक्रियेत वायू दाबला, तापमान स्थिर, म्हणून उष्णतेची देवाणघेवाण शून्य.

मी म्हणाले, "न्हाय सर. उष्णता भाईर जाती की. म्हणून तर तापमान वाढत न्हाय."

"कुठं वाचलं?"

"पंप मारताना बघितलंय. भराभर मारला की बूड तापतं. हळूहळू मारला की तापत न्हाय. उष्णतेला भाईर जायला वेळ मिळतो."

"पंक्चरचं दुकान हाय काय तुमचं?" माझीच बोली काढून त्यांनी विचारलं.

"व्हय. गारगोटीला. वडलांचं."

वर्ग हसला. हसू ओसरेपर्यंत सर थांबले.

"म्हणजे सवलतीवर आलेली मंडळी. आता यांच्या जातीकडून आम्ही थर्मोडायनॅमिक्स शिकायचं! जा, वडलांना हवा भरू लाग."

रडू आलं नाही. राग आला. तो अजून तेवढाच आहे.

मी फळ्यापाशी गेले. लिहिलं : तापमान स्थिर, म्हणून आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा स्थिर. वायूवर केलेलं कार्य तेवढ्याच उष्णतेच्या रूपात बाहेर. सरांनी पुसलं. मी परत लिहिलं. त्यांनी डस्टर टेबलावर आपटलं आणि तास सोडला.

दुपारी प्राचार्यांकडे अर्ज दिला. मुद्दे दोन. शिकवलेलं चूक आहे, ते त्याच वर्गात दुरुस्त व्हावं. जातीवरून अपमान झाला, त्याची चौकशी व्हावी. सोबत पाठ्यपुस्तकाच्या पानाची झेरॉक्स.

शुक्रवारी सरांनी चूक दुरुस्त केली. फळ्याकडे तोंड करून. अपमानाबद्दल एक शब्द नाही.

त्यांच्याच विभागातल्या मॅडमनी मला जिन्यात गाठलं.

"अगं, पुढच्या महिन्यात विभागप्रमुख व्हायचेत ते. सुधारली की चूक. दुसरा मुद्दा काढून टाक."

"मला तोच पायजे, मॅडम."

"वाटोळं होईल गं त्यांचं."

"व्हय. म्हणूनच."

चौकशी समितीपुढे मी त्यांची वाक्यं जशीच्या तशी सांगितली. वर्गातल्या दोघांनी साक्षीच्या सह्या केल्या. त्या दिवशी तेही हसले होते. मग सरांनी लेखी माफी पाठवली. मॅडम पुन्हा आल्या. आता तरी अर्ज मागं घे, म्हणाल्या.

घेतला नाही.

पुढच्या महिन्यात विभागप्रमुखांच्या दारावरची पाटी बदलली. तिच्यावर दुसऱ्याचं नाव आहे.