माने डॉक्टरांकडचे फ्रेंच रविवार

आमच्या बैठकीचे किस्से मी सहसा बाहेर सांगत नाही. धाराशिवात चार माणसं दर रविवारी सकाळी जमून तीनशे वर्षांपूर्वीचं फ्रेंच संगीत ऐकतात, एवढं म्हटलं तरी लोकांना थाप वाटते! पण इतक्या वर्षांत ते इतके साठलेत की आता पोटात राहत नाहीत.

घर माने डॉक्टरांचं. डॉक्टर म्हणजे गुरांचे, आता रिटायर. भूमकडचे सोपानदादा मेंढरं पाळतात, डॉक्टरांचे जुने दोस्त. तामलवाडीचे शिवाप्पा भजनात पेटी वाजवतात. चौथा मी, हायस्कूलचा इंग्रजीचा मास्तर. माझं काम सीडीसोबतची पुस्तिका वाचून दाखवायचं. डॉक्टरांच्या मंडळी मालनकाकू आतबाहेर करत ऐकतात.

दोन वर्षांपासून एकच घोर लागलाय. डॉक्टरांचे कान चाललेत. कानाचं मशीन आणलं होतं, पण "गाणं डब्यात कोंबल्यागत वाजतं" म्हणून ते कपाटात गेलं. वर आम्हाला बजावलंय, "ज्या रविवारी मला ऐकू यायचं थांबंल, त्या रविवारपासनं बैठक बंद. उगं नाटकं करत बसायची न्हाईत." त्यामुळं आम्ही आवाज थोडा थोडा वाढवत नेतो आणि डॉक्टरांच्या बोटाकडं बघत बसतो. ते बोट गुडघ्यावर ताल धरून हलतंय तोवर आम्हाला धीर असतो.

*

मुळात हे सगळं सुरू झालं चुकून! पुण्यात एका जुन्या सामानाच्या दुकानात डॉक्टरांना सीडींचा खोका दिसला. वरच्या सीडीवर चित्र होतं, हिरवं कुरण, मेंढ्या आणि काठी घेतलेला मेंढपाळ. डॉक्टरांना वाटलं, मेंढीपालनाची माहिती असणार. घेतला खोका उचलून! घरी लावून बघतात तर बासरी आणि कातडी पिशवीचा कसलासा बाजा.

सोपानदादांनी ते चित्र उजेडात धरून नीट पाहिलं.

"यो मेंढपाळ न्हाय, डॉक्टर."

"कशावरनं म्हणता?"

"पायात रेशमी मोजं हायेत. अन् एक बी मेंढरू याच्याकडं बघंना झालंय!"

मी पुस्तिका उघडली. खरंच, त्या काळी तिकडच्या सरदार लोकांना मेंढपाळाची सोंगं घेऊन तो बाजा वाजवायची भारी हौस होती, आणि आज कुणाला नावही ठाऊक नसलेले कितीतरी रचनाकार त्यांच्यासाठी धडाधड चिजा लिहून देत. दादा म्हणाले, "त्यास्नी एक दिवस माझ्यासंगं माळावर धाडा. मग बघू काय वाजवत्यात ते."

*

शिवाप्पा पहिल्यांदा आले ते पेटी घेऊनच. सीडी चालू असताना सूर जुळवून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "डॉक्टर, समदं उतरलंय. पुरा एक सूर खाली. व्होल्टेज कमी हाय तुमच्याकडं."

पटलं सगळ्यांना. आमच्याकडं व्होल्टेज कमीच असतं! डॉक्टरांनी स्टॅबिलायझर आणला. पुढच्या रविवारी तेच. त्याच्याहून मोठा स्टॅबिलायझर आणला. तरी तेच! शेवटी पुस्तिकेच्या मागच्या पानावर मला सापडलं, की त्या काळी फ्रान्समध्ये वाद्यंच आजच्यापेक्षा जवळजवळ एक सूर खाली लावत.

शिवाप्पांनी शांतपणे पेटीचा भाता बंद केला. "म्हंजी तिकडं बी व्होल्टेजची बोंबच व्हती म्हना की!"

मोठा स्टॅबिलायझर आता फ्रिजला आहे.

*

याच शिवाप्पांना मुतखडा झाला. डॉक्टर ऑपरेशन करून घ्या म्हणत होते आणि शिवाप्पा दोन महिने पानफुटीचा पाला खात ते टाळत होते. मग एका रविवारी एक विचित्र चीज निघाली. वाद्य सारंगीच्या जवळचं, पायांत धरून वाजवायचं, आवाज अगदी मऊ. आणि विषय काय, तर मुतखड्याचं ऑपरेशन! सुरांच्या मध्ये मध्ये रचनाकारानं लिहूनच ठेवलंय, ते मी वाचत गेलो: आता रोगी टेबल बघून थरथरतो, आता त्याला बांधतात, आता चिरतात...

"भूल कवा देत्यात?" शिवाप्पांनी विचारलं.

"त्या काळी भूल नव्हती, शिवाप्पा."

शिवाप्पा पूर्ण ऐकून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात स्वतःहून भरती! त्यांचा खडा आम्हाला दाखवायला त्यांनी बाटलीत घालून आणला होता. काकूंनी ती बाटली उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही.

*

एकदा एका बाईंची रचना लावली. लहानपणीच राजापुढं वाजवलेलं. पुढं एकुलता एक मुलगा गेला, नवराही गेला, तरी बाईंनी वाजवणं सोडलं नाही. घरीच मैफली करायच्या, आणि अख्खं शहर ऐकायला यायचं. हे सगळं मी पुस्तिकेतून वाचून दाखवलं.

दारात कपबश्यांचा ट्रे घेऊन काकू उभ्या होत्या. म्हणाल्या, "समदं खरं. पर एवढी मानसं घरी यायची, तर च्या कोन करत व्हतं?"

तेव्हापासून रविवारचा चहा आम्ही पुरुष आळीपाळीनं करतो, आणि काकू खुर्चीवर बसून ऐकतात. दादांचा चहा घशाखाली उतरत नाही, पण कुणी बोलत नाही.

*

गेल्या थंडीतली गोष्ट. तेच मऊ वाद्य लावलं होतं. आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवलेला, इतका की खिडकीची काच थरथरत होती. डॉक्टर डोळे मिटून बसलेले, बोट गुडघ्यावर चाललेलं.

आणि लाईट गेली.

एकदम सगळं चिडीचूप झालं. डॉक्टरांचं बोट मात्र चालूच!

दादा "लाईट ग..." एवढं म्हणेपर्यंत काकूंनी त्यांचा हात घट्ट दाबला. शिवाप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी काकूंकडं. काकूंनी डोळे मिटले. मग आम्हीही मिटले. मध्येच डोळे किलकिले करून पाहिलं, तर शिवाप्पा मांडीवर डॉक्टरांच्याच लयीत ठेका धरून होते, आणि काकूंचे गाल ओले होते.

दहा मिनिटं तरी गेली असतील. मग बोट थांबलं. डॉक्टरांनी डोळे उघडले, आमच्या एकेकाच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"आज खरं ऐकलंत तुम्ही," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मधी कुणी बोललं न्हाय. पुढच्या रविवारी जरा लवकर या."